पाहुण्यांच्या आधी केलेलं अपडेट

आमच्या लालबागच्या चाळीत पाहुणे येणार म्हटलं की बाईचा हात आधी झाडूकडे जातो. खोली स्वच्छ असली तरी जातो. चादर बदलायची, फडताळातले चांगले कप काढायचे, मोरीचा पडदा ओढून घ्यायचा, आणि रोज आपल्याला चालतं पण चार माणसांत दिसू नये असं जे जे असेल ते पलंगाखाली ढकलायचं. सवय वाईट नाही. पण ह्याच सवयीपायी मी एका बाईचं तोंड बंद केलं, आणि वर तिच्या नावाने मीच बोलत बसले. त्या गोष्टीला फार दिवस झाले नाहीत. अजून आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडावर घेते.

ही बाई म्हणजे आमची वयनी, आमच्या मालवणीत वहिनी. नात्याची नव्हे. तिचे मालक आणि माझे मालक एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते, तेव्हापासून ती माझी वयनी. तिची खोली माझ्या खोलीला लागून. मधे भिंत आहे म्हणून दोन खोल्या म्हणायचं, एवढंच. तिला घशाचं दुखणं निघालं, परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. जी गॅलरीतून हाक मारायची आणि खालच्या रस्त्यावरची मासेवाली वर बघायची, तिच्या गळ्याला आता एक भोक, त्यावर पांढरा रुमाल, आणि बोलायला गेली की नुसती हवा.

मुलांनी तिला पाटी आणून दिली. पण ऑपरेशननंतर तिचा उजवा खांदा उतरला होता, हात थरथरायचा, एक ओळ लिहीपर्यंत समोरच्याचं लक्ष उडायचं. आणि तिची खरी तक्रार वेगळीच होती. ती तिने मला मागाहून सांगितली. पाटीवर लिहिलेलं दुसरा कोणीतरी मोठ्याने वाचतो, तो आपल्या आवाजात वाचतो, त्याला हवा तिथे जोर देतो. मग बोललं कोण?

माझी सून कॉम्प्युटरमधली. ती आणि मुलगा ठाण्याला असतात. तिने एका रविवारी आपला जुना लॅपटॉप आणला. त्याचा पडदा गेलेला, म्हणून वायर लावून तो माझ्या टीव्हीला जोडला. अक्षरं चांगली मोठी दिसायला लागली. शेजारी एक छोटा स्पीकरचा डबा ठेवला. म्हणाली, "आई, ह्यात विंडोज काढून लिनक्स टाकलंय. व्हायरसची भानगड नाही, जुनं मशीन आहे तरी चालेल. इथे मराठीत टाइप करायचं आणि हे बटण दाबायचं, की तो वाचून दाखवतो." मी लगेच माझी लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. मराठी-इंग्रजी बदलायचं बटण होतं त्याच्यावर हिरवी लावली. सून हसली. "अहो आई, हे आमच्या ऑफिसात दाखवायला पाहिजे."

वयनीने एका बोटाने अक्षरं शोधून शोधून टाइप केलं आणि लाल टिकली दाबली. डब्यातून एक बाप्या बोलला. सपाट, सर्दी झाल्यासारखा. "चाय टाक गो."

मी हसले, सून हसली. वयनीच्या हसण्याला आवाज नव्हता, पण तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. संध्याकाळपर्यंत गॅलरीभर झालं, "वयनीक मिशी फुटली!" त्या दिवसापासून ती रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायची. मला शिव्या घालायची, माझ्या आमटीला नावं ठेवायची, नळावरच्या बायकांची नक्कल करायची. यंत्राच्या त्या एकसुरी आवाजात नक्कल ऐकायची म्हणजे काय मजा, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

आणि मी? मी मिरवत होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई, मराठी टाइप करायला माझी मी शिकले, ते खरं. पण मी सगळीकडे सांगायचे की हे लिनक्स आता मीच सांभाळते, सुनेला फोन करावा लागत नाही. त्यात मात्र काही खरं नव्हतं. मला त्या यंत्राची मनातून भीती वाटायची. रोज वरच्या कोपऱ्यात एक चौकट उघडायची: अद्ययावतीकरणे उपलब्ध आहेत. सुनेने माझ्या सोयीसाठी सगळं मराठीत करून दिलं होतं, आणि मराठी असून मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. इंग्रजी कळलं नाही तर माणूस म्हणतो, जाऊ दे, आपली भाषा नव्हे. आपल्याच भाषेतलं कळेना तर सांगायचं कोणाला? मी आपली खालचं "नंतर आठवण करा" दाबायचे. दुसऱ्या दिवशी ती चौकट परत हजर, दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्यासारखा. सून फोनवर विचारायची, "आई, अपडेट करता ना?" मी म्हणायचे, "हो तर. अगदी वेळेवर."

मग तो रविवार आला.

वयनीचे दोन मुलगे. थोरला डोंबिवलीला, धाकटा गावी, कणकवलीच्या पुढे. ऑपरेशननंतर आईला एकटी कशी ठेवायची हा विषय त्यांच्यात चाललेला. थोरल्याच्या घरी जागा नाही. धाकटा म्हणत होता, मी गावी नेतो. शेवटी ठरलं की दोघांनी येऊन बसायचं आणि आईला तिच्या तोंडून विचारायचं. तिच्या तोंडून, म्हणजे माझ्या खोलीत, त्या डब्यातून. वयनीने आदल्या दिवशी मला टाइप करून सांगितलं, "उद्या माका बोलाचा आसा. नीट." मी म्हटलं, "बोल गो, तुका कोण अडवता?"

ती काय बोलणार हे मला माहीत होतं, असं मी धरून चालले होते. ती जायला नाही म्हणणार. जन्म ह्या गॅलरीत गेला, सकाळी उठल्यावर पहिलं तोंड आम्ही एकमेकींचं बघतो, ती जाईल कशाला? तिने मला तसं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

रविवारी सकाळी मी खोली आवरली. कप काढले, टीव्हीवरची धूळ पुसली, आणि पुसता पुसता ती कोपऱ्यातली चौकट उघडली. मला वाटलं, अरे देवा, हे आता मुलांसमोर एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसणार. ते म्हणणार, काकी एवढी फुशारकी मारते आणि यंत्र कसं गबाळं ठेवलंय. जसा मोरीचा पडदा ओढते तसं मी मनाशी म्हटलं, हेही आवरून टाकू. आणि मी अपडेट दाबलं.

त्याने पासवर्ड मागितला. मी टाकला. म्हणाला, अधिप्रमाणन अयशस्वी. परत टाकला, परत अयशस्वी. काळे ठिपके दिसतात, अक्षर दिसत नाही, त्यामुळे चूक कुठे होतेय ते कळेना. वयनी शेजारी बसून बघत होती. तिने बोट पुढे करून हिरवी टिकली दाखवली. कीबोर्ड मराठीत होता! मी इंग्रजी पासवर्ड मराठी अक्षरांत ठोकत होते. मला लाज वाटली, पण मी म्हटलं, "माहीत आहे गो, बघत होते तुझं लक्ष आहे का."

मग एक काळी खिडकी उघडली, त्यात इंग्रजीत भलंमोठं काहीतरी, आणि शेवटी प्रश्न: वाय की एन? जुनं ठेवू की नवीन घालू असं काहीसं असावं. थांबून सुनेला फोन केला असता तर मला काय झालं असतं? पण फोन केला असता तर ती म्हणाली असती, "म्हणजे इतके दिवस अपडेट केलंच नाही?" मी म्हटलं, पाहुणे यायच्या दिवशी नाही कशाला म्हणा. वाय दाबला. पुढे जिथे जिथे विचारलं तिथे वाय. आणि मग त्याने सांगितलं, पुन्हा सुरू करा.

पडद्यावर चाक फिरत राहिलं. मी चहाचं आधण ठेवलं, परत येऊन बघितलं, चाक फिरतंय. जिन्यावर चपलांचा आवाज आला तेव्हा पडदा उजळला, आणि बघते तर खालची पट्टी डावीकडे उभी! रोजचं बोलायचं चित्र जागेवर नाही. एवढी वर्षं फडताळात डावीकडे ठेवलेलं मीठ कोणीतरी परस्पर उजवीकडे ठेवावं, तसं झालं. मुलगे आत आले, "काय काकी, बरी आसास?" म्हणाले, बसले. मी हसून चहा पुढे केला आणि पाठमोरी होऊन ते चित्र शोधत राहिले. सापडलं. हुश्श केलं.

थोरला म्हणाला, "आये, तुझ्या मनात काय आसा ता तूच सांग. आमी ऐकतंव."

वयनीने सावकाश टाइप करायला घेतलं. मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून कप गोळा करत होते. कोणाचं बोलणं आधीच वाचू नये, एवढी रीत मला होती; मुलगेही पडद्याकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत होते. ओळ झाल्यावर तिने टिकली दाबली.

काही नाही.

परत दाबली. डबा मुका. मी डब्याची वायर काढून घातली, डबा हलवला, कानाला लावला. "येईल, येईल, नवीन केलंय ना, जरा वेळ लागतो." वयनी परत परत टिकली दाबत होती. मी घाईघाईने दुसरं काहीतरी दाबलं आणि तिची ओळच नाहीशी झाली. धाकटा म्हणाला, "ऱ्हवांदे काकी, पाटी आणतंय." वयनीने मान हलवली, पाटीसाठी हात पुढे केला.

तेव्हा मी म्हटलं, "पाटी कशाला? मी सांगते ना."

आणि मी सांगितलं. बोलायला मला कधी कोणी शिकवावं लागलं नाही. म्हटलं, ती नाही येणार. तिचा जीव इथे आहे. तिला हॉस्पिटल जवळ, तिला माणसं जवळ, मी जवळ. गावी धाकटा आणि त्याची बायको दिवसभर बागेत, तिने भिंतीशी बसायचं? आणि आतापर्यंत किती वेळा आलात तिला बघायला? हे शेवटचं मी धाकट्याला म्हटलं. वयनी टेबलावर बोटांनी ठकठक करत होती. मला वाटलं, ती म्हणतेय, बरोबर, अजून सांग. मी अजून सांगितलं.

धाकट्याने मान खाली घातली. थोरला म्हणाला, "काकीक सगळा म्हायत. आयेचा मन ती वळखता." वयनीची बोटं थांबली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग उठली आणि कप घेऊन मोरीत धुवायला गेली. पाहुण्यांच्या समोर कप धुणारी ती बाई नव्हे. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

धाकटा त्याच दिवशी गावी परतला. वयनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं दार अर्धं लोटलेलं. मी गॅलरीतून विचारलं, "बरा नाय काय गो?" तिने हातानेच सांगितलं, बरी आहे. मी आमटी नेऊन दिली, तिने घेतली, भांडं धुऊन परत केलं. मध्ये बोलणं नाही.

मी यंत्रासमोर बसायचे. त्याची कळ दाबून बघायचे, डब्याचं बटण फिरवायचे. सुनेचा फोन आला की म्हणायचे, सगळं छान चाललंय. शेजारच्या खोलीत एक बाई मुकी बसलीय आणि मी सांगतेय, छान चाललंय! का, तर मला सून हुशार सासू म्हणते. एका दुपारी मला माझाच इतका वीट आला की फोन उचलला आणि सुनेला म्हटलं, "अगं, मी खोटं बोलत होते. मी इतके दिवस अपडेट करत नव्हते. आणि केलं तेव्हा वयनीचा आवाज घालवला."

ती संध्याकाळी ऑफिसातून सरळ चिंचपोकळी स्टेशनला उतरून चालत आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता बसली. उभी राहिलेली पट्टी बघून म्हणाली, "हे काय केलंय ह्या लोकांनी!" म्हणजे मी नव्हे, लोकांनी. मला जरा बरं वाटलं आणि जरा जास्तच लाज वाटली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग टीव्हीचा रिमोट मागितला. टीव्हीचा आवाज मी शून्यावर ठेवलेला असतो, आवाज डब्यातून येतो म्हणून. तिने तो वाढवला आणि लाल टिकली दाबली. टीव्हीतून तो सर्दीवाला बाप्या बोलला, मोठ्याने.

"अहो आई, आवाज गेलाच नव्हता. अपडेटनंतर तो डबा सोडून टीव्हीच्या वायरीतून यायला लागला. त्या दिवशीही तो बोलत होता. टीव्ही बंद आवाजावर होता, इतकंच."

म्हणजे वयनी टिकली दाबत होती, तेव्हा ती त्या खोलीत बोलत होती. आम्ही सगळे तिच्यासमोर बसलो होतो.

सून म्हणाली, "एक फोन करायचा ना, आई. ह्यात लाजायचं काय? हे बनवणाऱ्यांना लाज वाटायला पाहिजे." पट्टी कुठे जावी, आवाज कुठे जावा, ह्याची लाज त्यांची असेल. माझी वेगळी होती.

मी वयनीच्या दारात गेले. म्हटलं, "आवाज इलो. चल." तिने रुमाल नीट केला आणि आली. सून चहा करायच्या निमित्ताने ओट्याकडे गेली. वयनीने टाइप केलं. ह्या वेळी मी पडद्याकडे बघत बसले, आणि मला पाठ फिरवावीशी वाटली.

टीव्ही बोलला, "माका गावाक जावचा होता."

मी म्हटलं, "अगो, मग तू पाटी—"

तिने हात वर केला. थांब. टाइप करायला वेळ लागतो. आणि गप्प बसून वाट बघायला मला किती जड जातं ते मला त्या दिवशी कळलं. टीव्ही बोलला, "एकदा तू सगळ्यांसमोर बोललंस. मगे पाटीवर काय लिवतलंय? काकी खोटा बोलली म्हणान? तुझी लाज काढू?"

माझी लाज राखायला ती इतके दिवस मुकी राहिली होती. आपल्या मुलाला खाली मान घालून जाऊ दिलं होतं.

मला रडायला आलं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुझ्या मनातलंच बोलतेय." तिची बोटं परत चालली. "तू बोललंस ता खोटा नाय. पण ता तुझा होता. माझा नाय."

मग तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. धाकट्याचा नंबर लावून मी तो टीव्हीजवळ धरला. त्याने उचलल्याबरोबर वयनीने टिकली दाबली आणि तो बाप्या म्हणाला, "बाबू, आये बोलतंय." धाकटा म्हणाला, "लोन नको, काय नको," आणि फोन ठेवला. ओट्यापाशी सुनेला हसू आवरेना. वयनीचेही खांदे हलायला लागले. परत लावला. ह्या वेळी मी एवढंच म्हटलं, "काकी बोलतंय. ठेव नको. ही आये बोलता हा, यंत्रातसून. तू फक्त ऐक." आणि पदर दातांत धरला.

"बाबू. मी येतंय. तिकीट काढ."

तो म्हणाला, "आये, ह्या काकी सांगता काय तुका?"

वयनीने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात दहा वाक्यं होती, माफीची, खुलाशाची. मी पदर आणखी घट्ट चावला. बोट सावकाश अक्षरं शोधत होतं.

"नाय. मी सांगतंय."

यंत्र तिच्याबरोबर जायला हवं, हे उघड होतं. सून तसं म्हणाली तेव्हा मी चटकन हो म्हटलं नाही. हेही सांगून टाकते. माझ्याच घरात ते कोणाचं तोंड झालं होतं हे माहीत असून मला वाटलं, माझा लॅपटॉप. सून म्हणाली, "आई, तुम्हाला दुसरा आणते." दुसरा मला काय करायचा होता? मी लॅपटॉप आणि डबा जुन्या सुती साडीत गुंडाळला, कीबोर्डवरच्या दोन्ही टिकल्या नव्या चिकटवल्या, आणि टीव्हीची वायर तेवढी माझ्याकडे राहिली. गावी त्यांचा टीव्ही आहे, वायर धाकटा आणणार होता.

आता आठवड्यातून एखादवेळी दुपारी तिचा फोन येतो. मी "बोल" म्हणते आणि वाट बघते. मध्ये कोंबड्या ऐकू येतात, नातीचं ओरडणं ऐकू येतं. ती टाइप करत असते. तोवर मी पदर दातांत धरून बसते. परवा तो आवाज आला, तसाच सर्दीवाला, "वर अपडेट दिसता हा गो. दाबू की नको?"

मला सगळं सांगायचं होतं. हिरवी टिकली बघ, वाय दाबण्याआधी थांब, माझ्या सुनेला विचार, पाहुणे असतील तर दाबू नकोस. जीभ टाळूला लागून बसली होती, तिला मी तिथेच ठेवली.

म्हटलं, "वयनी, तुझा तू ठरव."

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. "बरा. उद्या बघतंय. आता बाबू जेवूक येतलो, त्याच्याशी माका बोलाचा आसा."